सुरत, १९९४: प्लेग जाहीर झालेल्या देशाच्या वाट्याला नियमांतून काय आले?

सप्टेंबर १९९४ च्या तिसऱ्या आठवड्यात सुरतच्या सरकारी रुग्णालयात तीव्र ताप, धाप आणि थुंकीतून रक्त अशी लक्षणे असलेले रुग्ण दाखल होऊ लागले आणि त्यांतले काही जण एक-दोन दिवसांतच दगावले. फुप्फुसाचा प्लेग असल्याची बातमी शहरात पसरताच काही लाख माणसे मिळेल त्या गाडीने बाहेर पडली. आठवडाभरात ही बातमी जगभर पोहोचली आणि आखाती देशांनी भारताकडे येणारी-जाणारी विमाने थांबवली. त्या वेळी जगात प्लेगसंबंधी एक आंतरराष्ट्रीय कायदा अस्तित्वात होता, तो भारतावर आणि भारताची विमाने थांबवणाऱ्या देशांवर सारखाच बंधनकारक होता, आणि रोगाच्या भीतीने असा अतिरेक होऊ नये हाच त्याचा एक घोषित हेतू होता. तरीही तो कामी का आला नाही, हे या प्रकरणात तपासायचे आहे.

बीडपासून सुरतपर्यंत

प्रकरणाची सुरुवात सुरतमध्ये नव्हे, मराठवाड्यात झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावातही धक्क्यांच्या भीतीने लोकांनी घरे सोडली आणि ते बाहेर उभारलेल्या निवाऱ्यांत राहू लागले. धान्य मात्र बंद घरांतच राहिले. माणसांची वर्दळ नाही आणि धान्याला तोटा नाही, अशा घरांत उंदीर माजले नसते तरच नवल. ऑगस्ट १९९४ मध्ये गावात उंदीर पडू लागले आणि पिसवांचा उपद्रव असह्य झाल्याच्या तक्रारी आल्या. ज्यांनी मागच्या शतकातील प्लेगच्या आठवणी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्या होत्या त्यांना या दोन गोष्टींचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसता. महिनाअखेरीस काखेत आणि जांघेत गाठी येऊन ताप चढलेले रुग्ण आढळले. देशात माणसांतील प्लेगची शेवटची नोंद १९६६ सालची, कर्नाटकातील होती, आणि मधल्या काळात उंदीर-पिसवांवरची नियमित पाळत ढिली पडली होती.

बीडमधला प्लेग गाठीचा होता. तो पिसवांमार्फत पसरतो आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. सुरतमधला फुप्फुसाचा होता. तो खोकल्यातून उडणाऱ्या थेंबांवाटे थेट पसरतो आणि वेळेत औषध न मिळाल्यास बहुधा जीव घेतो. बीडचा जंतू सुरतला कसा पोहोचला याबद्दल तेव्हा अनेक तर्क केले गेले. सुरतच्या यंत्रमागांवर आणि इतर धंद्यांत खानदेशातील हजारो माणसे काम करत असल्याने महाराष्ट्राशी येणे-जाणे रोजचेच होते. त्यातच सप्टेंबरच्या आरंभी तापीला पूर आला होता, शहर चिखल आणि कचऱ्याने भरले होते, आणि वेड रोडसारख्या दाट कामगारवस्त्यांत आधीच स्वच्छतेची वानवा होती.

निदानाच्या बाबतीत आपण कमी पडलो, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. पहिले निदान लक्षणांवरून आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या जंतूंवरून झाले होते. प्रयोगशाळेत जंतू वाढवून त्याची ओळख पटवण्यास वेळ लागला आणि दरम्यान हा प्लेगच नाही, मेलिऑइडोसिस आहे किंवा दुसराच एखादा ताप आहे, अशी मते तज्ज्ञ वर्तमानपत्रांतून मांडू लागले. सरकारने प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक समिती नेमली आणि तिने हा प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. पण तोवर जे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेकडे अखेर भारतातून ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू नोंदले गेले. टेट्रासायक्लिनसारखे साधे, स्वस्त प्रतिजैविक या रोगावर चालते, आणि सुरतमध्ये ते वाटलेही गेले. मोठ्या शहरातील फुप्फुसाच्या प्लेगचा विचार करता हा आकडा लहान आहे, आणि साथ आटोक्यात आणणाऱ्या सरकारी डॉक्टरांना व परिचारिकांना त्याचे श्रेय जेवढे मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाही.

लागू असलेला कायदा

१९९४ मध्ये लागू होते ते १९६९ साली जागतिक आरोग्य सभेने संमत केलेले आणि १ जानेवारी १९७१ पासून अमलात आलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम. हे नियम नेहमीच्या तहासारखे सह्या आणि अनुमोदनाने लागू होत नाहीत. संघटनेच्या घटनेतील कलम २१ आणि २२ प्रमाणे आरोग्य सभेने नियम संमत केले, की ठरलेल्या मुदतीत जो सदस्य ते नाकारत नाही किंवा एखादी अट राखून ठेवत नाही त्याच्यावर ते आपोआप बंधनकारक होतात. भारताने स्वतः पीतज्वराच्या बाबतीत अशी अट राखून ठेवली होती आणि पीतज्वराच्या टापूतून लस न घेता येणाऱ्या प्रवाशाशी आपला देश आजही पुरेशा कडकपणे वागतो. बाहेरच्या रोगाची धास्ती फक्त इतरांनाच असते असे नाही, हे या प्रकरणात आपण तक्रारदार असताना विसरू नये.

नियमांखाली आधी चार रोग होते. देवीचे निर्मूलन झाल्यावर १९८१ पासून पटकी, प्लेग आणि पीतज्वर हे तीनच उरले. कलम ३ अन्वये, आपल्या भूमीवर यांपैकी एखाद्या रोगाचा पहिला रुग्ण आढळल्याचे समजल्यापासून २४ तासांच्या आत संबंधित सरकारने संघटनेला कळवायचे होते. संघटना ती माहिती इतर देशांना पुरवत असे आणि संसर्गित क्षेत्रांची यादी आपल्या साप्ताहिक पत्रकात छापत असे. सरकारने कळवले नाही तर वर्तमानपत्रांच्या किंवा डॉक्टरांच्या माहितीवर विसंबून काही जाहीर करण्याचा अधिकार मात्र संघटनेला नव्हता.

दुसरी बाजू कलम २३ मध्ये होती. नियमांत सांगितलेले आरोग्यविषयक उपाय हीच कमाल मर्यादा होती. त्यापलीकडे कोणत्याही देशाने आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर बंधन घालायचे नव्हते. प्लेगपुरते पाहिले तर ही मर्यादा बरीच नेमकी होती. रोगाचा अधिशयनकाळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, सहा दिवसांचा धरला होता. फुप्फुसाच्या प्लेगची साथ असलेल्या ठिकाणाहून निघणाऱ्या संशयिताला शेवटच्या संपर्कापासून सहा दिवस वेगळे ठेवण्याची जबाबदारी, तो जिथून निघतो त्या देशावर होती. पोहोचण्याच्या देशाला प्रवाशाची वैद्यकीय तपासणी करता येत होती, संशयितावर देखरेख ठेवता येत होती, विमान किंवा जहाज कीटकमुक्त करता येत होते. प्रवेशासाठी प्लेगच्या लशीचा दाखला मागण्यास मनाई होती. मालाच्या बाबतीत, तो संसर्गित क्षेत्रातून आलेला असेल आणि दूषित असण्याला सबळ कारण असेल, तरच त्यावर उपाय योजता येत होते. संपूर्ण देशाची विमाने बंद करणे, किंवा सुरतपासून हजार मैलांवर पिकलेला माल भारतीय आहे एवढ्याच कारणाने नाकारणे, या चौकटीत कुठेही बसत नव्हते.

या दोन्ही बाजूंची जोड जुनी आहे, आणि तिच्या जन्माशी मुंबईचा जवळचा संबंध आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. युरोपातील बंदरांनी मुंबईच्या जहाजांना दारे लावण्याची भाषा सुरू केली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, हजयात्रेकरूंची मुंबईहून निघणारी जहाजे थांबवली गेली, आणि त्याच सुमारास व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून मार्च १८९७ मध्ये प्लेगविषयी करार झाला. पुण्यात त्या कायद्याची जी अंमलबजावणी झाली आणि तिचा शेवट रँडच्या खुनात कसा झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मात्र त्या कडकपणाला सरकारी हडेलहप्पीइतकाच युरोपीय बाजारपेठ बंद होण्याच्या धाकाचाही आधार होता, ही गोष्ट आपल्याकडच्या कथनात फारशी येत नाही. व्हेनिसचा सौदा साधा होता: रोग असलेल्या देशाने तो लपवू नये आणि बाकीच्यांनी व्यापार अकारण अडवू नये. १९६९ च्या नियमांनी तोच सौदा पुढे चालवला.

प्रत्यक्षात काय घडले

आखाती देशांनी विमाने थांबवली. बांगलादेश, ओमान, कतार आणि संयुक्त अरब अमिरात यांनी भारतातून येणाऱ्या मालावरच बंदी घातली. इतर अनेक ठिकाणी भारतातून आलेल्या विमानांची धुरी आणि प्रवाशांची विशेष तपासणी सुरू झाली. त्यांतले काही उपाय नियमांत बसणारे होते. पर्यटकांनी आरक्षणे रद्द केली. काही देशांनी तर भारतीय कामगारांना मायदेशी परत पाठवले, आणि त्यांत कित्येक वर्षे भारतात पाऊलही न ठेवलेली माणसे होती, अशी नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकाऱ्यांनी पुढे केली. ज्याचा भारतातल्या कोणत्याही उंदराशी वा रुग्णाशी वर्षानुवर्षे संबंध आलेला नाही त्याला प्लेगच्या नावाखाली घालवून देणे, याला आरोग्याचा उपाय म्हणता येत नाही. व्यापार आणि पर्यटन मिळून भारताचे नुकसान पावणेदोन ते दोन अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचे अंदाज नंतर मांडले गेले. भारताबाहेर या साथीचा एकही रुग्ण सापडला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासावर वा व्यापारावर बंदीची गरज नसल्याचे सांगितले. महासंचालक हिरोशी नाकाजिमा ऑक्टोबरमध्ये स्वतः भारतात आले आणि संघटनेच्या आंतरराष्ट्रीय पथकाने पाहणी केली. याहून अधिक काही करणे संघटनेच्या हाती नव्हते. मर्यादा ओलांडणाऱ्या देशाचे नाव जाहीर करून त्याच्याकडून खुलासा मागवण्याची कार्यपद्धती नियमांत नव्हती. दंड, भरपाई वा निलंबनाचा तर प्रश्नच नव्हता.

भारतापुढे कायदेशीर मार्ग कोणते होते? नियमांतील वादनिवारणाच्या कलमाप्रमाणे प्रथम महासंचालकांकडे, मग संघटनेच्या समितीकडे आणि तरीही न मिटल्यास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे जाता येत होते. कागदावर हा मार्ग भक्कम दिसतो. पण न्यायालयाचा निकाल यायला वर्षे लागतात आणि विमाने चालू व्हायला हवी होती आठवड्यांत. शिवाय ज्यांच्याविरुद्ध दावा लावायचा त्याच देशांत लाखो भारतीय राबत होते आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर केरळपासून कोकणापर्यंत घरे चालत होती. असा दावा कोणत्याही सरकारने लावला नसता, आणि माझ्या मते लावू नये हेच शहाणपणाचे होते. व्यापाराच्या कायद्याकडे वळावे तर तिथेही वेळ चुकलेली होती. अन्नमालावरील आरोग्यविषयक निर्बंधांना शास्त्रीय पुराव्याची अट घालणारा स्वच्छताविषयक करार जागतिक व्यापार संघटनेबरोबर १ जानेवारी १९९५ रोजी अमलात यायचा होता, म्हणजे साथीनंतर तीन महिन्यांनी. तोवर जुना गॅट करार होता, त्यात अमिरात आणि कतार त्याच वर्षी दाखल झाले होते, आणि ओमान तर त्याचा सदस्यच नव्हता.

म्हणून भारताने तो प्रश्न राजनैतिक पातळीवर, विनंत्या आणि खुलाशांनी सोडवला, आणि रुग्ण येणे थांबले तसे निर्बंधही उठत गेले. यात कोणी नियम मोडल्याचे कुठे ठरले नाही.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. व्हेनिसच्या सौद्याची दोन्ही कलमे बंधनकारक होती, पण त्यांचे वजन सारखे नव्हते. रोग जाहीर झालेल्या देशाला त्याची किंमत त्याच आठवड्यात चुकवावी लागत होती. मर्यादा ओलांडणाऱ्याला कधीच नाही. तीन वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, पेरूने पटकीची साथ कळवली तेव्हा त्याच्या मासळीच्या आणि फळांच्या निर्यातीचे हेच झाले होते. अशा स्थितीत एखाद्या अर्थमंत्र्याने आरोग्यमंत्र्याला थोडे थांबायला सांगितले, तर तो माणूस वाईट आहे असे मानण्याचे कारण नाही. कायद्यानेच त्याला तो हिशेब शिकवला होता.

२००५ ची दुरुस्ती आणि तिची कसोटी

मे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नियम नव्याने लिहिण्याचा ठराव केला. सुरतचा अनुभव तेव्हा ताजा होता. काम मात्र रेंगाळले आणि त्याला खरी गती दिली ती २००३ च्या सार्सने. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात नोव्हेंबर २००२ पासून फिरत असलेला हा रोग तीन रोगांच्या यादीत नसल्याने तो कळवण्याची सक्ती चीनवर नियमांप्रमाणे नव्हतीच. २३ मे २००५ रोजी नवे नियम संमत झाले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले.

बीड आणि सुरत या दोन ठिकाणांना नवे नियम लावून पाहिले तर बदल नेमका कळतो. परिशिष्ट २ मध्ये, आढळताच ठरावीक प्रश्नांच्या आधारे ज्यांची छाननी करायलाच हवी अशा रोगांची यादी आहे आणि तिच्यात प्लेग आहे, पण तो फुप्फुसाचा. म्हणजे मामला गावातील गाठीचे रुग्ण आपोआप त्या छाननीत आले नसते. घटना अनपेक्षित किंवा गंभीर आहे काय, हे भारताने ठरवायचे होते, आणि तीन दशकांनी परतलेला रोग अनपेक्षित नाही असे म्हणणे कठीण गेले असते. सुरतची छाननी मात्र ताबडतोब करावी लागली असती आणि मूल्यमापनानंतर २४ तासांत कळवावे लागले असते. शिवाय कलम ९ आणि १० मुळे संघटना आता वर्तमानपत्रांतील बातम्या, डॉक्टरांची पत्रे आणि इंटरनेटवरील सूचनाही विचारात घेऊ शकते आणि त्यावर संबंधित सरकारकडून २४ तासांत उत्तर मागू शकते. साथीच्या बातम्या ईमेलने जगभर पोहोचवणारी प्रोमेड ही सेवा १९९४ च्या ऑगस्टमध्येच, बीडमध्ये उंदीर पडत होते त्याच महिन्यात सुरू झाली, हा निव्वळ योगायोग. पण अशा सेवांमुळे रोग लपवणे जवळजवळ अशक्य झाले आणि नव्या नियमांनी त्या वस्तुस्थितीला कायद्यात जागा दिली.

सौद्याची दुसरी बाजू कलम ४३ मध्ये आली. एखाद्या देशाला शिफारशींपेक्षा कडक उपाय योजायचे असतील तर त्याला शास्त्रीय आधार हवा, आणि प्रवासी वा माल २४ तासांहून अधिक अडवला जात असेल तर ४८ तासांत संघटनेला कारण कळवायला हवे. संघटना फेरविचाराची विनंती करू शकते. विनंतीच. १९६९ ची ठाम कमाल मर्यादा गेली, तिच्या जागी कारण देण्याचे बंधन आले. वादनिवारणासाठी वाटाघाटी, महासंचालकांची मध्यस्थी आणि दोन्ही पक्ष राजी असतील तर लवाद, असे मार्ग ठेवले. माझ्या दृष्टीने हा व्यवहार विचित्र आहे: माहिती काढून घेण्याची यंत्रणा पोलादी झाली आणि माहितीच्या बदल्यात मिळणारे संरक्षण आधीपेक्षा लवचीक.

त्याच रोगाने त्याची कसोटी घेतली. २०१७ मध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात मादागास्करमध्ये मुख्यतः फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. २,४१७ रुग्ण आणि २०९ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे सुरतपेक्षा कितीतरी मोठी. संघटनेने वेळेवर लाखो मात्रांचे प्रतिजैविक पाठवले आणि प्रवास वा व्यापारावर निर्बंध नकोत असे सांगितले. शेजारच्या सेशेल्सने तरीही विमाने थांबवली आणि मादागास्करहून येणाऱ्यांना विलगीकरणात ठेवले. पण १९९४ सारखी देशोदेशींची झुंड उठली नाही. याचे श्रेय कलम ४३ ला द्यावे, की मादागास्करहून जगभर जाणारे प्रवासी आणि माल मुळात थोडे होते याला, हे ठरवताना मी दुसऱ्या कारणाकडे अधिक झुकतो. कारण नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने करोनाचा ओमिक्रॉन प्रकार तत्परतेने जगापुढे मांडला, तेव्हा दोन दिवसांच्या आत ब्रिटन, युरोपीय देश आणि अमेरिका यांनी दक्षिण आफ्रिका आणि तिच्या शेजाऱ्यांसाठी दारे लावली. इथे जोडणी दाट होती आणि भीतीही. भारतानेही त्या देशांना जोखमीच्या यादीत घातले.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. १ जून २०२४ रोजी नियमांत दुरुस्त्या संमत झाल्या आणि १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यांनी महासाथीच्या आणीबाणीची नवी पायरी आणली, विकसनशील देशांच्या यंत्रणांसाठी अर्थसाहाय्याच्या समन्वयाची तरतूद केली, पण अतिरिक्त निर्बंध घालणाऱ्याला किंमत लावली नाही. २० मे २०२५ रोजी महासाथ करार संमत झाला. समितीतील मतदानात १२४ देश बाजूने होते, विरोधात कोणी नव्हते, ११ तटस्थ राहिले. त्याच्या कलम १२ मध्ये देणाऱ्याला काही परत मिळण्याची भाषा आहे: रोगजंतूंचे नमुने आणि जनुकीय माहिती वाटून घेण्याच्या व्यवस्थेत सहभागी उत्पादकांनी महासाथीच्या काळात लशी, औषधे आणि निदानचाचण्यांच्या उत्पादनाचा २० टक्के भाग संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, त्यात एकूण उत्पादनाचा किमान १० टक्के भाग दान म्हणून. ही व्यवस्था तपशिलाने ठरवणारे परिशिष्ट संमत झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होणार नाही, अशी त्याची रचना आहे.

ही भरपाई जंतूचा नमुना देणाऱ्यासाठी आहे. रोगाची बातमी वेळेत दिली म्हणून ज्याची विमाने थांबली, ज्याचा माल बंदरात सडला, किंवा ज्याच्या कामगाराला आखातातून परत पाठवले गेले, त्याच्यासाठी या करारातही कलम नाही.